फोटो अडले कुठे?

पश्चिम द्रुतगती महामार्गावरच्या दिंडोशी मेट्रो स्थानकातून पूर्वेकडे निघालं, की नागरी निवाराच्या इमारती लागतात, पुढे चित्रनगरी, आणि मग एकदम झाडी. मुंबई तिथे संपत नाही, पण माणसांची मुंबई संपते. १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबटे किती, हे मोजायला २०१५ साली निकित सुर्वे या संशोधकाने वन विभागाच्या सहकार्याने कॅमेरा ट्रॅप लावले. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक कॅमेरा. बिबट्या मधून गेला की दोन्ही कुशींचे फोटो. अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येक बिबट्याची वेगळी असते, आणि एकाच जनावराची डावी कूस उजवीसारखी नसते, म्हणून दोन्ही बाजू हव्यात. त्या मोजणीत ३५ बिबटे निघाले.

बातम्यांत आकडा आला. पण रात्रीच्या अंधारात निघालेला फोटो आणि कागदावरचा आकडा यांच्यामध्ये एक कंटाळवाणं काम असतं, त्याची बातमी होत नाही: कार्ड काढायचं, फोटो संगणकात उतरवायचे, कुठला फोटो कुठल्या कॅमेऱ्याचा ते ध्यानात ठेवायचं, वेळ बरोबर आहे ना ते बघायचं. समोरासमोरच्या दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळांत दहा मिनिटांचा फरक पडला, तर डाव्या कुशीला उजवी कूस कशी जुळवणार?

तुमच्या कार्डात बिबट्या नसेल, सोसायटीचा गणपती असेल किंवा नातीचं बारसं. अडचणी त्याच. आणि घरातला संगणक लिनक्सवर चालत असेल, तर त्यात दोन-तीन खास लिनक्सच्या अडचणींची भर पडते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा आधार संपला, आणि नव्या विंडोजला न चालणारे कितीतरी धडधाकट लॅपटॉप भंगारात जाण्याऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटूवर आले. अशा घरांत पहिल्या आठवड्यात येणारा प्रश्न ठरलेला असतो: कॅमेरा जोडला, फोटो कुठे आहेत?

(या प्रकरणात कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.)

वाटा दोन, आणि त्या वेगळ्या

कॅमेऱ्यातून संगणकात यायला फोटोला दोन वाटा आहेत. कार्ड काढून रीडरमध्ये घातलं, तर संगणकाच्या लेखी ती पेनड्राइव्हसारखी एक छोटी डिस्क असते. कॅमेऱ्याचा संबंधच उरत नाही. केबलने कॅमेरा जोडला, तर मात्र बहुतेक कॅमेरे स्वतःला डिस्क म्हणवून घेत नाहीत. ते पीटीपी, म्हणजे पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉल, नावाच्या ठरावीक भाषेत संगणकाशी बोलतात: यादी दे म्हटलं की यादी देतात, अमुक फोटो दे म्हटलं की तो देतात. लिनक्सवर ही भाषा बोलणारा दुभाषा म्हणजे लिबजीफोटो२. अडीच हजारांहून जास्त कॅमेरे त्याला ओळखता येतात. शॉटवेल किंवा डिजिकॅमसारखा फोटोंचा प्रोग्रॅम असो की तुमचा फाइल मॅनेजर, केबलच्या वाटेने जाणारे सगळे याच एका दुभाष्याच्या भरवशावर असतात.

जुन्या निकॉन डी७० किंवा डी४०मध्ये सेटअप मेनूत यूएसबीपुढे 'मास स्टोरेज' आणि 'पीटीपी' असे दोन पर्याय असत. सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत असा पर्याय अजून आहे. तो मास स्टोरेजवर ठेवला की केबलनेही कॅमेरा डिस्कसारखा दिसतो. कॅननच्या डीएसएलआरमध्ये ही सोयच नाही; तिथे केबल म्हणजे पीटीपीच.

मदत मागणारा माणूस नुसतं 'फोटो येत नाहीत' म्हणतो आणि मदत करणारा केबलच्या प्रश्नाला कार्डाचं उत्तर देतो. त्यात संध्याकाळ जाते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: तुम्ही कुठल्या वाटेवर आहात?

केबलच्या वाटेवर

खालून वर जायचं. आधी तार, मग बाकीचं.

कॅमेरा जोडून चालू करा आणि टर्मिनलमध्ये 'एल-एस-यू-एस-बी' ही कमांड द्या. यूएसबीला जोडलेल्या सगळ्या उपकरणांची यादी येते. तिच्यात प्रत्येकाचा कंपनी-क्रमांक असतो: कॅननचा ०४ए९, निकॉनचा ०४बी०, सोनीचा ०५४सी. तुमच्या कंपनीची ओळ यादीत नसेल तर शॉटवेलला शिव्या देऊन उपयोग नाही. कॅमेरा संगणकापर्यंत पोचलेलाच नाही. दोष केबलचा, पोर्टचा किंवा कॅमेऱ्याच्या सेटिंगचा.

केबलचा संशय आधी घ्या. घरात सापडणाऱ्या मायक्रो-यूएसबी केबलींपैकी कितीतरी फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांच्या आत वीज नेणाऱ्या दोनच तारा. माहिती नेणाऱ्या दोन तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून काहीही कळत नाही. तीच केबल मोबाइलला लावून फोटो दिसतात का बघितलं, की निकाल लागतो. कॅननच्या १५००डीला तर मायक्रो नाही, त्याहून जुनी मिनी-यूएसबी लागते, आणि ती आता शोधावी लागते. केबल ठीक असेल तर हब काढून कॅमेरा थेट लॅपटॉपला लावा. त्यानंतर 'सुडो डी-एम-ई-एस-जी' ही कमांड कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, रोजनिशी दाखवते. तिच्या शेवटी उणे ७१ हा क्रमांक पुन्हापुन्हा दिसला, तर तारेवरचा संवाद मध्येच तुटतोय, केबल नाहीतर पोर्ट बदला.

आणि वायफाय. कॅननच्या १३००डी, १५००डीसारख्या कॅमेऱ्यांत वायफाय चालू असेल तर यूएसबीने संगणकाशी जोडणी होतच नाही. मेनूत जाऊन ते बंद करायचं. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, म्हणजे कोणी वाचलेलं नाही.

समजा यादीत कॅमेरा दिसला. शॉटवेल उघडलं, डाव्या बाजूला कॅमेऱ्याचं नावही आलं, त्यावर क्लिक केलं, आणि पाटी आली की यूएसबी उपकरणाचा ताबा घेता आला नाही, उणे ५३. लिनक्सवरच्या कॅमेऱ्यांच्या तक्रारींत हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट आकडा. घाबरलेला माणूस इथे कॅमेरा बिघडला असं समजतो, आणि वैतागलेला माणूस लिनक्स बिघडलं असं.

बिघडलेलं काहीच नसतं. उलट अतिउत्साह नडलेला असतो. कॅमेरा जोडल्याबरोबर डेस्कटॉपचा एक पडद्यामागचा नोकर, जीव्हीएफएस त्याचं नाव, धावत येतो आणि तुम्हाला फाइल मॅनेजरमध्ये फोटो दिसावेत म्हणून कॅमेरा स्वतःच्या ताब्यात घेतो. पीटीपीच्या संवादात कॅमेरा एका वेळी एकाशीच बोलतो. चाळीतल्या सामायिक संडासासारखं आहे हे: आत गेलेल्याने कडी लावली की बाहेरच्याने कितीही धडका मारल्या तरी दार उघडायचं नाही, आणि दार मोडण्याचीही गरज नाही. आतल्याला बाहेर यायला सांगायचं.

ते सोपं आहे. फाइल मॅनेजरमध्ये कॅमेऱ्याच्या नावाशेजारी बाण दिसतो, तो दाबून कॅमेरा अनमाउंट करा. केबल काढू नका. मग शॉटवेल किंवा डिजिकॅममध्ये परत जा. शॉटवेल काही वेळा स्वतःच विचारतं की कॅमेरा अनमाउंट करू का; तिथे हो म्हणायचं. टर्मिनलची सवय असेल त्याने 'जिओ माउंट' या कमांडला एस हा पर्याय आणि पुढे 'जीफोटो२' हे नाव द्यावं, जीव्हीएफएसने धरलेले सगळे कॅमेरे सुटतात. दर वेळी हाच तमाशा होत असेल तर डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये बाहेरची उपकरणं आपोआप माउंट करण्याचा पर्याय बंद करा. मात्र मग पेनड्राइव्हही आपोआप उघडणार नाही, हे घरातल्या इतरांना सांगून ठेवा.

इथे एक वाईट सल्ला बऱ्याचदा मिळतो: प्रोग्रॅम 'सुडो' लावून चालवा. चालतो, खरं आहे. पण असे उतरवलेले फोटो प्रशासकाच्या, म्हणजे रूटच्या, मालकीचे होतात, आणि उद्या तुमच्याच घरातले फोटो तुम्हाला हलवता येत नाहीत की खोडता येत नाहीत. एक अडचण मिटवून दुसरी विकत घ्यायची.

कार्डाच्या वाटेवर

माझं मत विचाराल तर केबलच्या वाटेला जाऊच नये. दोन-तीनशे रुपयांचा कार्डरीडर घ्यावा. कॅमेऱ्याची बॅटरी खर्च होत नाही, वेग जास्त मिळतो, आणि उणे ५३ची भेट आयुष्यातून टळते. पण या वाटेवरही दगड आहेत.

३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट होतात. त्याहून मोठी, ६४ किंवा १२८ जीबीची, एक्सफॅटने. एक्सफॅट ही मायक्रोसॉफ्टची पद्धत, पेटंटांनी बांधलेली, त्यामुळे लिनक्सच्या गाभ्यात ती बरीच वर्षं नव्हती. ऑगस्ट २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचं तपशीलपत्र खुलं केलं, आणि २०२०च्या मे महिन्यात आलेल्या कर्नल ५.७पासून सॅमसंगने लिहिलेला पक्का ड्रायव्हर त्यात आला. म्हणून उबुंटू १८.०४सारखी जुनी आवृत्ती चालवणाऱ्याचं ३२चं कार्ड बिनतक्रार उघडतं आणि ६४चं 'अनोळखी फाइलसिस्टिम' म्हणून नाकारलं जातं. कार्ड ठणठणीत असतं. 'एक्सफॅट-फ्यूज' हे पॅकेज घाला, किंवा खरं तर आवृत्तीच बदला. फक्त एक करू नका: कार्ड उघडत नाही म्हणून फॉरमॅट.

कार्डाच्या डाव्या कडेला एक इवलासा खटका असतो. तो खाली सरकला की कार्ड लॉक. फोटो दिसतात, उतरवताही येतात, पण खोडता येत नाहीत. बिघाड वाटावा अशी ही सोय आहे, आणि पुढे ती कामाला येणार आहे.

अलीकडची एक अडचण जास्त बुचकळ्यात पाडते. फाइल मॅनेजरमध्ये कार्ड उघडतं, फोटो दिसतात, पण डार्कटेबल किंवा डिजिकॅमला तेच कार्ड दिसत नाही. तो प्रोग्रॅम स्नॅप किंवा फ्लॅटपॅक स्वरूपात घातलाय का ते बघा. या स्वरूपातले प्रोग्रॅम सुरक्षेसाठी कुंपणात ठेवलेले असतात. बाहेरून लावलेल्या डिस्ककडे बघायची त्यांना आपोआप परवानगी नसते. उबुंटूत सेटिंगमध्ये त्या ॲपच्या पानावर जाऊन काढता-घालता येणाऱ्या डिस्कची परवानगी द्यायची. कल्पना चांगली आहे, पण प्रोग्रॅमने 'मला परवानगी नाही' एवढं तोंडाने म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं.

फोटो आला, पण दिसत नाही

फाइल उतरली, आकार २५-३० एमबी दिसतोय, आणि चित्राच्या जागी नुसता करडा चौकोन. हा उतरवण्याचा दोष नाही. ती रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता दिलेली, फाइल असते; तिचं स्वरूप प्रत्येक कंपनीचं वेगळं आणि दर काही वर्षांनी बदलणारं. कॅननने २०१८मध्ये ईओएस एम५० बाजारात आणताना सीआर२ सोडून सीआर३ आणलं, आणि डार्कटेबलला ते उघडता यायला डिसेंबर २०२१ची ३.८ आवृत्ती यावी लागली. कॅमेरा नवा आणि प्रोग्रॅम जुना असला की हे होणारच. रॉ आणि जेपेग दोन्ही काढत असाल तर शॉटवेल त्या जोडीचा एकच फोटो धरतं. चारशे फाइलींचे दोनशे फोटो दिसले म्हणून निम्मे हरवले असं समजू नका.

नाव आणि वेळ

आतापर्यंतच्या अडचणी निदान ओरडतात. पुढच्या दोन गप्प राहून नुकसान करतात.

कॅमेऱ्याने दिलेलं नाव आठ अक्षरांचं असतं. डीसीएफ नावाच्या जपानी संकेतानुसार सगळे कॅमेरे डीसीआयएम हाच फोल्डर करतात, त्यात १००पासून सुरू होणारे उपफोल्डर, आणि फोटोच्या नावात चार आकडे. चार आकडे म्हणजे ९९९९पर्यंत. त्यानंतर पुन्हा ०००१. म्हणजे दहा हजार फोटो काढणाऱ्याकडे एकाच नावाचे दोन फोटो येणार हे ठरलेलं. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असतील तर पहिल्याच दिवशी. आता दोन्ही कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओढून टाका: फाइल मॅनेजर विचारतो, या नावाची फाइल आहे, बदलू का? आणि खाली चौकट, 'सगळ्यांना हेच लागू करा'. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, झोप अपुरी असताना, त्या चौकटीवर खूण करून 'बदला' म्हणणं हा या प्रकरणातला सगळ्यात महाग क्लिक आहे. हळदीचे फोटो गेले, त्या जागी रिसेप्शनचे आले, नावं तीच.

जंगलात वीस-तीस कॅमेरे लावणाऱ्याला तर असं चालणारच नाही. तिथे प्रत्येक कॅमेऱ्याचं कार्ड आधी स्वतःच्या ठिकाणाच्या नावाच्या फोल्डरमध्ये जातं, आणि मग फाइलींची नावं ठिकाण, तारीख, वेळ अशी बदलली जातात. कॅमेरा ट्रॅपवाल्यांसाठी कॅमट्रॅपआर नावाचा खुला प्रोग्रॅम हेच करतो, आणि फोटोच्या आतली वेळ वाचायला तो एक्झिफटूल वापरतो. घरच्या माणसाला डिजिकॅम पुरे. त्यात उतरवतानाच नाव तारीख-वेळेप्रमाणे बदलायची सोय आहे. निव्वळ उतरवण्यासाठीच लिहिलेला रॅपिड फोटो डाउनलोडर त्याहून हलका. एका सेकंदात पाच फोटो काढणारा कॅमेरा असेल तर नावाच्या शेवटी अनुक्रमांक जोडायला विसरू नका, नाहीतर एकाच सेकंदाचे पाच फोटो पुन्हा एका नावावर भांडतील. फोल्डरला 'गणपती २०२५' असं मराठी नाव खुशाल द्या, आजच्या लिनक्सला त्याचं वावडं नाही.

आता वेळ. फोटोच्या पोटात एक्झिफ नावाची नोंद असते. तीत कॅमेऱ्याच्या घड्याळात तेव्हा जे वाजले होते ते लिहिलं जातं. कुठल्या देशातले, हे २०१६पर्यंतच्या एक्झिफ संकेतात लिहायची जागाच नव्हती. फॅट३२ कार्डावरच्या फाइलीची वेळही तशीच, देशाविना. एखाद्या प्रोग्रॅमने ती लंडनची समजून भारतीय वेळेत फिरवली की संध्याकाळी साडेसातची आरती मध्यरात्री एक वाजता गेलेली दिसते. फरक मोजा. बरोबर साडेपाच तास आला, तर कॅमेऱ्याचा दोष नाही. भारतीय प्रमाणवेळ दोनदा मिळवली गेली आहे किंवा दोनदा वजा झाली आहे. तिरपी वेळ असलेल्या देशात राहण्याचा हा एक फायदा, चूक लगेच ओळखू येते. साडेपाच सोडून भलताच फरक असेल, किंवा सगळेच फोटो कुठल्यातरी वर्षाच्या १ जानेवारीचे दिसत असतील, तर बराच काळ बॅटरीविना पडून कॅमेऱ्याचं घड्याळ मागे गेलेलं असतं.

दुरुस्तीला एक्झिफटूल आहे. एका कमांडमध्ये अख्ख्या फोल्डरची वेळ हवी तेवढी पुढे-मागे सरकवता येते. पण किती सरकवायची हे कळलं पाहिजे. त्यावर जंगलवाल्यांची युक्ती उत्तम आहे. कॅमेरा लावताना आणि काढताना त्याच्यासमोर मोबाइलवरचं घड्याळ धरून एक फोटो काढायचा. फोटोत दिसणारी वेळ खरी, एक्झिफमधली कॅमेऱ्याची. वजाबाकी तुमच्या हातात. लग्नाला दोन फोटोग्राफर असतील तर दोघांनी एकाच घड्याळाचा फोटो काढून सुरुवात करावी. नंतर दोन्हीकडचे फोटो एका ओळीत लावताना अक्षता आधी आणि मंगलाष्टकं नंतर असं होणार नाही.

कार्डच खोटं असेल तर

फुटपाथवर किंवा ऑनलाइन, संशय यावा इतक्या स्वस्तात मिळालेलं १२८ जीबीचं कार्ड आतून ८ जीबीचंही असू शकतं. कंट्रोलर चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं: ती मोठा आकडा सांगते, आणि जागा संपल्यावर पुढचे फोटो स्वीकारल्याचं नाटक करून हवेत सोडते. पहिले काहीशे फोटो छान, पुढचे अर्धे किंवा कोरे. हे उतरवताना लक्षात येतं, आणि दोष उतरवणाऱ्यावर जातो. लिनक्सवर एफ३ नावाचं छोटं साधन आहे. त्यातला पहिला प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरतो, दुसरा भरलेलं वाचून पडताळतो. नवं कार्ड कॅमेऱ्यात घालण्याआधी एकदा हे करा. जुन्या, भरलेल्या कार्डावर नको.

आणि चांगल्या कार्डावरचे फोटो चुकून खोडले गेले, किंवा कार्ड उघडेचना, तर तो खटका आठवा. कार्ड ताबडतोब लॉक करा, कारण खोडलेला फोटो त्याच्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतो. मग डीडीरेस्क्यूने अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी नक्कल लॅपटॉपवर काढा आणि पुढचं सगळं त्या नकलेवर करा. फोटोरेक हा प्रोग्रॅम फोल्डर, नावं, याद्या यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत वाचत जातो आणि फोटोच्या सुरुवातीच्या खुणा शोधतो. जेपेग नेहमी एफएफ डी८ या दोन बाइटनी सुरू होतं. फोटो मिळतात, नावं मिळत नाहीत. पण एक्झिफमधली वेळ शाबूत असते, आणि तिच्यावरून नवी नावं देता येतात, वर सांगितलं तसं.

यातलं टर्मिनलचं काम अवघड वाटत असेल, तर पवईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात उबुंटू डेस्कटॉपपासूनचे धडे मराठीतून, ऐकत ऐकत करता येतात.

राहिलं कार्ड रिकामं करणं. उतरवून झाल्यावर शॉटवेल विचारतं, कॅमेऱ्यातले फोटो खोडू का? 'राहू द्या' म्हणा, आणि आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत करा. मग संगणकावरून कार्डातले फोटो डिलीट केलेत आणि कॅमेरा तरीही 'कार्ड फुल' म्हणत असेल, तर कार्ड पुन्हा रीडरमध्ये घालून कंट्रोल आणि एच दाबा. टिंबाने सुरू होणारा 'ट्रॅश-१०००' असा एक लपलेला फोल्डर दिसेल. लिनक्सने फोटो कचरापेटीत टाकले, आणि ती पेटी कार्डावरच ठेवली. ती रिकामी करता येते, पण त्यापेक्षा कार्ड कॅमेऱ्यात घालून कॅमेऱ्याच्याच मेनूतून फॉरमॅट करा.